मयेकरांच्या न्हाणीतली री-एन्ट्री

परशुराम मयेकरांच्या न्हाणीघरावर आभाळातून जे काही पडलं, ते पडलं तेव्हा मयेकर आत होते. डोक्याला साबण, डोळे मिटलेले, हातात तांब्या आणि मनात ग्रामपंचायतीला पाणीपुरवठ्याबाबत लिहायच्या स्मरणपत्राचा मसुदा. अशा अवस्थेत माणसाची बाहेरच्या जगाकडून कसलीच अपेक्षा नसते. एकदम वरची कौलं फुटली, एक वासा कडाडला आणि काहीतरी काळं, जड असं चुलीशेजारी रचलेल्या नारळाच्या सोडणांच्या ढिगात जाऊन रुतलं.

दुसरा कोणी असता तर ओरडत बाहेर धावला असता. मयेकर जिल्ह्याच्या एका मोठ्या कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आधी डोक्यावर दोन तांबे घेतले, पंचा नेसला आणि मग "कोण आहे?" असं विचारलं. उत्तर आलं नाही. वर पाहिलं तर कौलांच्या भोकातून शेजारच्या माडाचा शेंडा दिसत होता. खाली पाहिलं तर मोठ्या कलिंगडाएवढा, करपलेला, धातूचा गोळा बसला होता, जसा काही तो तिथेच वाढला होता.

आवाज ऐकून दगडी गडग्यापलीकडून शेजारचा लवू तारी आला. लवू मुंबईला गोदीत नोकरी करून गावी परतला होता आणि आता त्याने घराच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला काढल्या होत्या. त्यामुळे जगातल्या कुठल्याही विषयावर सल्ला देण्याचा परवाना आपल्याला आहे असं त्याचं मत होतं. त्याने गोळा वाकून पाहिला आणि हळू आवाजात सांगितलं, "भाऊनू, हात लावू नकात. आणि कोणाक सांगू नकात." मग तो घरी गेला आणि त्याने कोणाकोणाला सांगितलं याचा हिशेब लागणं कठीण, पण मयेकरांचे केस वाळायच्या आत अंगणात अर्धी वाडी जमली होती.

त्या गर्दीत एक माणूस नव्हतं, ते म्हणजे मयेकरांची बायको सुभद्रा. ती वैभववाडीला भावाकडे गेली होती. ती का गेली हे मयेकर कोणी विचारलं तर "हवापालट" या एका शब्दात सांगत. खरी हकीकत थोडी वेगळी होती. नोकरीच्या सगळ्या काळात मयेकर आठवडाभर जिल्ह्याच्या गावी क्वार्टरमध्ये राहत आणि शनिवारी घरी येत. निवृत्त होऊन ते कायमचे आले आणि त्यांनी घराची पाहणी केली. स्वयंपाकघरात कसलीच शिस्त नाही असं त्यांच्या निदर्शनास आलं. सुभद्रा एका लग्नाला गेली असताना त्यांनी सगळ्या बरण्या धुतल्या, लेबलं चिकटवली आणि अकारविल्हे लावल्या. सुभद्राने परत येऊन आमटीला कढ आणला आणि सोलं शोधायला लागली. सोलं 'स'मध्ये नव्हती. ती 'आ'मध्ये होती, कारण त्यांचं प्रमाण नाव आमसूल असं मयेकरांनी ठरवलं होतं. तोवर आमटी उतू गेली. सुभद्रा एक शब्द चढ्या आवाजात बोलली नाही. तिने बॅग भरली, पदर खोचला आणि दारात थांबून म्हणाली, "तुमची बदली झाली की माका कळवा. मगे येतलंय."

मयेकरांनी यावर बराच विचार केला होता. निवृत्त माणसाची बदली होत नाही, हा मुद्दा त्यांच्या बाजूचा होता. पण तो फोनवर मांडावा असं त्यांना अजून वाटलं नव्हतं.

तर गोळा. मयेकरांनी त्याचा फोटो पुण्याला मुलीला पाठवला. नम्रता कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. तिने लगेच फोन केला. तिने सांगितलं की रॉकेटचे निकामी झालेले भाग पृथ्वीभोवती फिरत राहतात आणि कधीतरी वातावरणात परत शिरतात. येताना बहुतेक सगळं जळून जातं, टाकीसारखं एखादं चिवट भांडं तेवढं खाली पोचतं. त्या परत शिरण्याला री-एन्ट्री म्हणतात. आत विषारी काही उरलेलं असू शकतं, तेव्हा लांब राहा आणि सरकारला कळवा. शेवटी तिने विचारलं, आईला सांगितलंत का? मयेकर म्हणाले की तिला उगाच काळजी नको.

सरकारला कळवा, हे मात्र त्यांना एकदम पटलं. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांच्या आयुष्याला एक विषय आणि एक संदर्भ मिळाला होता. त्यांनी कागद घेतला, उजवीकडे दिनांक घातला आणि विषय लिहिला: 'अवकाशातून पृथ्वीच्या वातावरणात री-एन्ट्री होऊन अर्जदाराच्या न्हाणीघरात पडलेली गोलाकार वस्तू ताब्यात घेणेबाबत'. तो त्यांनी दोनदा मोठ्याने वाचून पाहिला.

तलाठी दीपिका मॅडम पंचनाम्याला आल्या. बाई चांगल्या, कामाला तत्पर. पण नुकसानीचं कारण मोबाईलवर भरायचं होतं आणि त्यात वीज होती, वादळ होतं, अतिवृष्टी होती, पुढे पुढे तर माकडं आणि गवेसुद्धा होते, पण आभाळातून गोळा पडणे हा प्रकार नव्हता. मॅडमनी 'इतर' निवडलं. 'इतर'मध्ये पुन्हा प्रकार विचारले गेले. गर्दीतून सूचना येऊ लागल्या. लवूचं म्हणणं, माड पडला म्हणून घाला, माडाचं लवकर मंजूर होतं. मयेकरांनी खोटी नोंद करण्यास ठाम नकार दिला. मॅडम म्हणाल्या की मग तुम्ही अर्ज घेऊन तालुक्यालाच जा.

दुसऱ्या दिवशी मयेकर इस्त्रीचा शर्ट घालून तालुक्याच्या कचेरीत गेले. आवक-जावकच्या टेबलावर एक शांत चेहऱ्याचा कारकून बसला होता. त्याने अर्ज वाचला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "री-एन्ट्री म्हणताय. मग आधीची एन्ट्री कधीची?"

मयेकरांनी समजावलं की ही तशी नोंद नव्हे. वस्तू आकाशातून आलेली आहे.

"आकाशातून येऊ दे, नाहीतर पोस्टाने. संगणकावरची आधीची नोंद रद्द झाल्याशिवाय री-एन्ट्री घेता येत नाही. आधी आलेली नसेल तर साधी एन्ट्री लिहा."

इथे मयेकरांनी तोंड बंद ठेवलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण वस्तुस्थितीचा विपर्यास त्यांना सहन होत नसे. ते म्हणाले की साधी एन्ट्री कशी, वस्तू मुळात पृथ्वीवरूनच वर गेलेली आहे आणि परत आलेली आहे.

"मग ती जावक झाली," कारकून म्हणाला. "कुठल्या कार्यालयाकडून जावक झाली, तो क्रमांक आणा."

मयेकरांना राग यावा असं बरंच काही होतं, पण राग येईना, कारण कारकुनाच्या जागी आपण असतो तर नेमकं हेच विचारलं असतं हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. इतकं चोख काम समोरून कसं दिसतं, हे त्यांनी प्रथमच पाहिलं. अखेर कारकुनालाच दया आली. ही बेवारस वस्तू धरू आणि पोलिसांना पत्र देऊ, असं तो म्हणाला. मयेकरांचा तीन ओळींचा विषय त्याला लांब वाटला, म्हणून त्याने तो छाटून सुटसुटीत केला: 'श्री. परशुराम मयेकर यांच्या राहत्या घरी झालेल्या री-एन्ट्रीबाबत'.

आता योगायोग असा की त्याच सुमारास जिल्ह्यातून तडीपार केलेला एक इसम मुदतीआधीच परत आल्याची कुणकुण पोलिसांना होती. आणि तडीपार माणूस हद्दीत परत शिरला, की पोलिसांच्या बोलण्यात त्यालाही री-एन्ट्रीच म्हणतात.

पत्राच्या दुसऱ्या दिवशी मयेकर परसात विहिरीवर आंघोळ करत होते, कारण न्हाणी पंचनाम्यात अडकली होती. दोन गाड्या येऊन थांबल्या. पोलीस घराच्या चारी बाजूंना पसरले. एक तरुण साहेब माडामागून पुढे आले आणि त्यांनी मयेकरांना खुणेने जवळ बोलावलं. शासनाने इतकी तातडी दाखवलेली पाहून मयेकरांना, ओल्या पंच्यात का होईना, भरून आलं.

"कुठे आहे तो?" साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं.

"न्हाणीत."

"कधीपासून?"

"परवा सकाळपासून. मी आत असतानाच आला."

साहेबांनी मागे वळून एकाकडे पाहिलं. "तुम्हाला काही इजा केली?"

"थोडक्यात वाचलो. कौलं फोडून आला."

"पळून जाण्याची शक्यता?"

मयेकरांनी प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला. "स्वतःहून नाही. पण गोल आहे, कोणी ढकलला तर जाईल."

साहेबांनी न्हाणीचं दार पायाने उघडलं आणि "हात वर" असं म्हणाले. आत सोडणांच्या ढिगात गोळा होता तसाच बसला होता. गडग्यापलीकडून हे सगळं लवू, लवूचे दोन पर्यटक आणि उरलेली वाडी पाहत होती. कोणी हसलं नाही, हे वाडीचं मोठेपण. निदान साहेब जाईपर्यंत हसलं नाही.

साहेबांच्या इभ्रतीला धक्का बसला होता आणि इभ्रतीला धक्का बसलेला अधिकारी काय करतो हे मयेकरांना ठाऊक होतं: तो नियम काढतो. साहेबांनी पत्र पुन्हा वाचलं, वरिष्ठांना फोन लावला आणि जाहीर केलं की वस्तूत विषारी वायू असू शकतो, सबब तज्ज्ञ येऊन तपासणी करेपर्यंत घर बंद. पिवळी पट्टी आली. ती न्हाणीभोवती फिरून थांबेल असं सगळ्यांना वाटलं, पण ती पडवीला वळसा घालून, तुळशीला आत घेऊन पुढच्या माडांच्या आगरापर्यंत गेली. पहाऱ्याला अजय नावाचा एक हवालदार ठेवून गाड्या निघून गेल्या.

मयेकर पट्टीच्या बाहेर होते. पंचा त्यांच्या अंगावर होता. शर्ट, चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि बाकीचा सगळा संसार पट्टीच्या आत होता. त्यांनी अजयला सांगितलं की मी घरमालक आहे, दोन मिनिटांत कपडे घेऊन येतो.

अजय कणकवलीकडचा, मऊ स्वभावाचा. त्याने मान हलवली. "काकानू, आतसून भायर येवक हरकत नाय. पण एकदा भायर इलास की परत आत जावक गावाचा नाय. सायबांनी सांगितल्यानी, नो री-एन्ट्री."

मयेकर लवूच्या ओटीवर जाऊन बसले. लवूने घालायला एक टी-शर्ट दिला. तो पर्यटकांना समुद्राखाली नेणाऱ्यांनी फुकट वाटलेला होता आणि त्यावर दात काढून हसणारा एक मोठा मासा होता. आयुष्यभर पांढऱ्या शर्टाखेरीज काही न घातलेले मयेकर छातीवर मासा घेऊन बसले आणि लोक त्यांना भेटायला येऊ लागले. बातमी पसरली तशी मोटरसायकली आल्या, मग रिक्षा आल्या. कोणीतरी गडग्यापाशी सरबताचं टेबल मांडलं. बाबली परब आला. बाबली दशावतारात राजाची कामं करतो. त्याचं गोळ्याबद्दल काही म्हणणं नव्हतं, 'री-एन्ट्री' या शब्दाबद्दल मात्र मत होतं. पहिली एन्ट्री काय, कोणीही घेतो, त्याने सांगितलं. राजा एकदा युद्धावर गेला आणि दुसऱ्यांदा मंचावर आला, की तिथे नट कळतो. लोक काय बघतात? हा गेला तेव्हा जसा होता तसाच परत आला, की त्याच्यात काही फरक पडला. "तसोच इलो, तर लोक उठान जातत," बाबली म्हणाला आणि चहा पिऊन गर्दीत जाऊन उभा राहिला.

हे बोलणं मयेकरांना का कोण जाणे लागलं. ओटीवर बसून ते आपल्याच बंद घराकडे पाहत राहिले. बाहेरून ते घर त्यांनी इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी यायचं आणि सोमवारी पहाटे जायचं, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध. बाकीचे दिवस ते घर सुभद्राने एकटीने चालवलं होतं आणि ते चालतही होतं. मग कायमचे आत शिरलेले आपण. विचार इथवर आला आणि त्यांच्या छातीत घोडा सुटल्यासारखं धडधडायला लागलं.

प्रथम त्यांना वाटलं, भावना असेल. पण भावना इतक्या वेगाने पळत नाही. कपाळाला घाम आला, तसं लवूने रिक्षा बोलावली. अजयने पहारा बाबलीवर सोपवला आणि तोही रिक्षात बसला. दवाखान्यात डॉक्टर किशोरी सामंतांनी छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली आणि ती पाहून म्हणाल्या की घाबरू नका, हृदय बंद पडत नाही आहे, उलट जास्तच काम करतं आहे. हृदयातली वीज एका वाटेने खाली जाते. तुमच्यात ती पुढे न जाता एका वळणाने मागे फिरते आणि पुन्हा त्याच वाटेत शिरते. नुसती गोल गोल फिरत राहते.

"याला काय म्हणतात?" मयेकरांनी क्षीण आवाजात विचारलं.

"री-एन्ट्री," डॉक्टर म्हणाल्या.

मयेकरांनी डोळे मिटून घेतले. लवूला हसू आवरेना, म्हणून तो बाहेर जाऊन आला.

उपाय विचित्र होता. मयेकरांनी एका रिकाम्या सिरिंजमध्ये जीव एकवटून फुंकायचं आणि लगेच आडवं व्हायचं, की दोघांनी त्यांचे पाय वर उचलून धरायचे. एक पाय लवूने धरला, दुसरा अजयने. छातीवरचा मासा छताकडे पाहून हसत होता. जिल्ह्यात ज्यांच्या सहीवाचून फाईल हलत नसे ते मयेकर पाय आढ्याला लावून पडले आणि एका क्षणी, कोणीतरी बटण दाबावं तसं, आतलं धडधडणं थांबून हृदय आपल्या चालीवर आलं. डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांना दाखवायची चिठ्ठी दिली, गोळ्या दिल्या आणि विचारलं, घरी कोण असतं?

मयेकर म्हणाले, "सध्या पोलीस."

लवूने मात्र बाहेर येऊन वैभववाडीला फोन लावला. त्याने गोळा, पोलीस, छाती, सगळं रंगवून सांगितलं. पलीकडून एकच प्रश्न आला, "जेवलेत?" लवू म्हणाला, कुठलं जेवण. फोन बंद झाला.

सुभद्रा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने कणकवलीला उतरली आणि तिथून एसटीने आली. वाटेवरच्या गर्दीने आपोआप तिला जागा दिली. ओटीवर बसलेल्या नवऱ्याकडे तिने पाहिलं, त्याच्या छातीवरच्या माशाकडे पाहिलं, पण थांबली नाही. सरळ पट्टीशी गेली. अजय उठून उभा राहिला. आत जायला परवानगी नाही, विषारी वायू असू शकतो, असं त्याने अदबीने सांगितलं.

सुभद्राने विचारलं, "गोळो खंय आसा?"

"मागे, न्हाणयेत."

"आणि रांदपाची खोली?"

"ती पुढे."

"मगे माझा त्येच्याकडे काय काम नाय," ती म्हणाली, पट्टी दोन बोटांनी उचलली आणि वाकून आत गेली.

अजयने घाबरून साहेबांना फोन केला. कोण गेलं, साहेबांनी विचारलं. मालकीण, अजयने सांगितलं. मग साहेब म्हणाले की असं लिहा, सदर महिला आधीपासून आतच होत्या. मयेकरांनी हे ऐकलं आणि नोंद खोटी असूनही त्यांना तिच्यात काही गैर वाटलं नाही. उलट, इतकी बरोबर नोंद त्यांनी फार वर्षांत पाहिली नव्हती.

आतून बरण्यांचे आवाज आले. झाकणं उघडली, बंद झाली, काहीतरी इकडचं तिकडे गेलं. मयेकर मान खाली घालून ऐकत राहिले. थोड्या वेळाने पट्टीच्या वरून एक वाडगा बाहेर आला. उकड्या तांदळाची पेज होती आणि कडेला खारातल्या आंब्याची फोड. तिने तो अजयच्या हातात दिला आणि नवऱ्याकडे हनुवटीने दाखवलं. अजयने कोणी काही विचारायच्या आत तो पोचवला. मग अजयलाही एक वाडगा मिळाला, आणि त्यानंतर पहाऱ्याची कडक शिस्त बरीच सैल झाली.

दुपार कलल्यावर तज्ज्ञ आले, एक बाई आणि एक बुवा. त्यांनी तोंडाला मुखवटे लावले, यंत्र फिरवलं आणि दहा मिनिटांत मुखवटे काढले. टाकी रिकामी होती, वायू नव्हता. कुठल्या रॉकेटची ते तपासणीनंतर कळेल, पण वरून आलेली आहे यात शंका नाही, असं बाई म्हणाल्या. मयेकरांनी गर्दीकडे असं पाहिलं, जणू त्यांच्या वंशावळीवरच शिक्कामोर्तब झालं होतं. गोळा पेटीत गेला, पेटी गाडीत गेली. अजयने पट्टी गुंडाळली, सुभद्रामावशीला नमस्कार केला आणि निघाला. सरबतवाल्याने टेबल उचललं. लवूच्या पर्यटकांना थोडं वाईट वाटलं.

अंगण रिकामं झालं. न्हाणीच्या छपरातून उन्हाचा एक गोल तुकडा आत पडला होता. मयेकर पडवीत आले, मग माजघरात आले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. निवृत्त झाल्यापासून या दारातून ते अनेकदा आत गेले होते, पण कधी थांबले नव्हते. सुभद्रा पाठमोरी बसून खोबरं किसत होती. मयेकरांनी घसा साफ केला. बोलायचा मसुदा तयार होता, दोन मुद्दे होते, पण त्यातलं काहीच आठवेना.

"आत येऊ?" त्यांनी विचारलं.

खोबरं किसणारा हात थांबला. सुभद्राने मागे वळून पाहिलं नाही, पण तिचे खांदे जरा हलले.

"गावभर फिरान इलास," ती म्हणाली. "पाय धुवन येवा."

मयेकर मागे फिरले, विहिरीवर गेले आणि एक पूर्ण कळशी ओढून त्यांनी दोन्ही पाय घोट्यापर्यंत चोळून चोळून धुतले.